इनटेक मॅनिफोल्ड घरी काढायचा आणि परत बसवायचा: आधी हिशेब, मग किल्ली

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळणं आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय, बाकी बोलणं जवळपास तसंच आहे. काम करताना फोनवर वाचता यावं म्हणून भाग पाडून वेळ टाकली आहे.)

[००:००] सुरुवात

आज कोडिंग नाही, क्लाउड नाही. आज हात काळे करायचे आहेत.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक कॉम्प्युटरचं. मेकॅनिकलशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता, आणि तिथेही माझा जॉब कानस मारून मारून शेवटी वाकडाच झाला होता. तरीही गेल्या डिसेंबरात साताऱ्याला आमच्या घराच्या पोर्चमध्ये मी गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवला आणि परत बसवला. मेकॅनिक हे काम काही तासांत करतो. मला दोन दिवस लागले. त्यातले दोन तास तर मी एक नट शोधत होतो. त्या नटाची गोष्ट पुढे येईलच, आणि खरं सांगायचं तर हा अख्खा भाग मी त्या नटासाठीच केलाय.

गाडी २०१२ ची, पेट्रोल, १.२ लीटर, चार सिलिंडर, सव्वा लाख किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. एवढ्या वर्षांत रबर म्हातारं होतं, इतकंच.

[०२:१०] झालं काय होतं

बाबा रिटायर्ड शिक्षक, विज्ञान शिकवायचे. एका सकाळी आईला डोळे तपासायला घेऊन निघाले आणि पोवई नाक्यावर गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्न, आई घाबरलेली, बाबांना घाम फुटलेला. घरी आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. "आता रिक्षाच बरी," म्हणाले. आई मला फोनवर हळूच म्हणाली, "अरे, गाडीचं जाऊ दे, पण हे संध्याकाळी बाहेर पडायचेच बंद झालेत."

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी सांगितलं, चौथा सिलिंडर मारत नाही, हेड उघडावं लागेल, पस्तीस हजार धरून चाला. बाबा गाडी विकायच्या तयारीत. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, मी सुट्टी काढून येतो.

लक्षणं अशी होती. सकाळी गार इंजिन सुरू केलं की थरथर. आरपीएम ७५० च्या आसपास स्थिर राहायला हवा, तो कधी ६००, कधी ११००. दहा मिनिटं चालल्यावर बरंच कमी. हायवेवर तर काहीच नाही, मजेत पळते. स्कॅनरवर कोड पी०३०४, म्हणजे चौथ्या सिलिंडरचा मिसफायर.

ही तीन लक्षणं लिहून ठेवा: गार असताना जास्त, गरम झाल्यावर कमी, वेगात गायब. का ते आता सांगतो.

[०४:३०] मॅनिफोल्ड करतो काय

इंजिन म्हणजे हवेचा पंप. एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडीतून आत शिरते आणि मग चार सिलिंडरांत वाटली जाते. ही वाटणी करणारा जो चार फाट्यांचा मोठा भाग, तो इनटेक मॅनिफोल्ड. गावात पाण्याच्या टाकीतून चार आळ्यांना चार पाइप जावेत, तसं.

आता गंमत बघा. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिन मात्र हवा ओढतच असतं. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी होतो. चांगल्या इंजिनात आयडलला तो साधारण ३० ते ३५ किलोपास्कल असतो. बाहेरच्या हवेचा दाब समुद्राजवळ १०१, साताऱ्याच्या उंचीवर ९३ च्या आसपास. म्हणजे आत आणि बाहेर यांत जवळजवळ ६० किलोपास्कलचा फरक. एवढ्या फरकात कुठेही केसाएवढी फट असेल तर बाहेरची हवा शिट्टी वाजवत आत घुसणार.

वेगात जाताना थ्रॉटल उघडा असतो, आतला दाब वाढतो, आणि इंजिन मुळातच भरपूर हवा घेत असतं. त्या भरपुरात फटीतून येणारी चिमूटभर हवा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हायवेवर सगळं आलबेल.

आणि गार असताना जास्त का? आजकालचे बरेच मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं नायलॉन. हलकं असतं, आतून गुळगुळीत असतं, आणि अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी तापतं. पण इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोघं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. मधला फरक सांभाळायचं काम रबरी गॅस्केटचं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते रबर कडक आणि चपटं होतं, दाबलं तर परत वर येत नाही. गार असताना सगळं आकसलेलं, फट उघडी. तापल्यावर फुगून फट थोडी मिटते.

[०७:४०] इथे मी फसलो होतो

व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात: हवेची गळती असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वीस-पंचवीस टक्क्यांनी वर दिसेल. माझ्या गाडीत ते सात-आठच्या आसपास. मी म्हटलं, चला, गळती नाहीच. एक दिवस वाया.

मग डोक्यात प्रकाश पडला. किती हवा आत गेली हे ईसीयू दोन पद्धतींनी ओळखतो. काही गाड्यांत थ्रॉटलच्या आधी हवा मोजणारा सेन्सर असतो, एमएएफ. तिथे थ्रॉटलनंतर घुसलेली हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं, म्हणून ट्रिम वर जातो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र एमएपी सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डच्या आतला दाब बघून हवेचा अंदाज बांधतो. फटीतून हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं जास्त हवा आली, तो पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. आरपीएम मात्र वरखाली होतो.

पण फट एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर? ती जादा हवा मुख्यतः त्याच सिलिंडरमध्ये जाते. वाढीव पेट्रोल मात्र चौघांत सारखं वाटलं जातं. तो एकटा उपाशी राहतो आणि मिसफायर करतो. आमच्या चौथ्याचं तेच झालं होतं.

मी एमएपीचा आकडा पाहिला. किल्ली ऑन, इंजिन बंद, तेव्हा ९३. म्हणजे सेन्सर बरोबर सांगतोय. गार इंजिन आयडलला ४८. तिथेच शंका पक्की झाली.

[१०:०५] उघडण्याआधी खात्री

मॅनिफोल्ड काढणं हे शेवटचं पाऊल. त्याआधी मी चार गोष्टी केल्या.

एक, चौथ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर टाकली. मिसफायर चौथ्यावरच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. दोन, प्लगचीही अशीच अदलाबदल. तीन, कॉम्प्रेशन टेस्ट. गेज ओळखीच्या मिस्त्रींकडून आणला. चारही सिलिंडर १७० ते १८० पीएसआय. हेड उघडायची गरज नाही हे इथे कळलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं.

चार, पाण्याची फवारणी. काही लोक गळती शोधायला कार्ब क्लीनर मारतात. तो भडका घेतो आणि शेजारीच गरम एक्झॉस्ट असतो, मी त्या फंदात पडलो नाही. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि गार इंजिन सुरू करून मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर बारीक फवारा मारला, कनेक्टर आणि कॉइल टाळून. पहिल्या तीन सांध्यांवर काही नाही. चौथ्यावर मारला आणि थरथर दोन सेकंद थांबली. पाण्याने फट तेवढ्यापुरती बुजवली होती. बाबा म्हणाले, "परत कर." परत केलं. परत थांबली. "आता मान्य," म्हणाले.

[१२:३०] तयारी

गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग आधी आणून ठेवा. उघडल्यावर दुकान शोधत फिरू नका. मला दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत पडलं. गाडीचा चेसिस नंबर दाखवून घ्या. जुन्या गॅस्केटवर परत बसवायची कंजुषी करू नका.

हत्यारं: ८, १० आणि १२ च्या गोट्या, लांब एक्स्टेन्शन, पक्कड, टॉर्क रेंच, टॉर्च, चुंबकाची काठी. टॉर्क रेंच विकत घ्या किंवा मागून आणा, पण त्याच्याशिवाय बसू नका. शिवाय मास्किंग टेप, पेन आणि अंड्यांचा एक ट्रे. ट्रेच्या प्रत्येक खळग्याला नंबर टाका. कुठले बोल्ट कुठल्या खळग्यात आणि किती, हे कागदावर लिहा. किती हा शब्द महत्त्वाचा.

जागा मोकळी, हवेशीर हवी. जवळ अग्निशामक ठेवा. पेट्रोलशी खेळ आहे. विडी-सिगारेट नाही, जवळ उदबत्तीही नाही. सोसायटीच्या बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका.

आणि इंजिन पूर्ण गार. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम.

[१४:५०] काढायचा क्रम

पहिलं, पेट्रोलचा दाब उतरवा. लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब असतो. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करा, पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. आणखी एक-दोनदा स्टार्टर मारा. त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह काढा. हा क्रम उलटा केलात तर स्टार्टर मारणार कशाने?

दुसरं, साफसफाई. मॅनिफोल्ड काढल्यावर हेडची तोंडं उघडी पडणार, आणि आजूबाजूला बारा वर्षांची धूळ साचलेली असते. आधीच ब्रशने आणि हवेने ती काढून टाका.

तिसरं, फोटो. प्रत्येक बाजूने. मी चाळीसेक काढले, पुढे त्यातले पाच लागले, पण कुठले पाच लागतील हे आधी कळत नाही.

चौथं, फिल्टरचा डबा आणि हवेचा मोठा पाइप काढा. मग थ्रॉटल बॉडी. आमच्या गाडीत तिच्यातून कूलंटचे दोन बारीक पाइप जातात. ते काढून तोंडात योग्य मापाचे बोल्ट खुपसले की फार गळत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका.

पाचवं, व्हॅक्यूमचे पाइप. इथे टेप चिकटवून नावं लिहा. साधारण तीन महत्त्वाचे असतात: ब्रेक बूस्टरचा जाडजूड, इंजिनाच्या पोटातली वाफ परत आणणारा पीसीव्हीचा, आणि पेट्रोल टाकीची वाफ आणणारा पर्ज व्हॉल्व्हचा. बूस्टरचा पाइप नीट बसला नाही तर ब्रेक दगडासारखा होतो, हे डोक्यात ठेवा.

सहावं, कनेक्टर. एमएपी सेन्सर, थ्रॉटल, चार इंजेक्टर. जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. खटका पूर्ण दाबून, वायर न ओढता, कनेक्टरला धरून काढा.

सातवं, फ्युएल रेल. आमच्याकडे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये बसतात. रेलचे बोल्ट काढून रेल आणि चारही इंजेक्टर एकत्रच वर उचलले, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवत. खाली कापड धरा, थोडं पेट्रोल सांडतंच. रेल पाइपसकट बाजूला बांधून ठेवली.

आठवं, खालचा आधार. बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डच्या खाली एक पट्टी इंजिनाला जोडलेली असते. वरून दिसत नाही. लोक सगळे बोल्ट काढतात, मॅनिफोल्ड हलत नाही, मग जोर लावतात आणि प्लास्टिकला चीर जाते. हलत नसेल तर जोर लावू नका, राहिलेला बोल्ट शोधा.

नववं, मुख्य बोल्ट आणि नट. बाहेरून आत, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत सैल करा. एकाच बाजूचे पूर्ण काढलेत तर उरलेल्यांवर पीळ येतो.

मग मॅनिफोल्ड सरळ आपल्याकडे ओढा. आणि त्याच क्षणी हेडची चारही तोंडं झाका. मोठी, स्वच्छ सुती कापडं, अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबणारी. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे आत जातात. चार कापडं घातली तर कागदावर "कापडं ४" लिहा.

[१९:२०] तो नट

आता माझी चूक. वायरिंगची एक पट्टी मॅनिफोल्डवर तीन छोट्या नटांनी धरलेली असते, १० च्या गोटीचे. दोन नट मी ट्रेमध्ये टाकले. तिसरा काढताना फोन वाजला, ऑफिसचा. नट मॅनिफोल्डवरच ठेवला, "मिनिटभर". फोन झाला, मी पुढच्या कामाला लागलो.

मॅनिफोल्ड ओढला तेव्हा कुठेतरी "टिंग" झालं. ऐकलं मी. पण हातात मॅनिफोल्ड, समोर चार उघडी तोंडं, घाई कापडं कोंबायची. विसरलो.

संध्याकाळी बसवायच्या आधी ट्रे मोजला. सात नंबरच्या खळग्यात तीन हवेत. दोन होते.

पोटात गोळा आला. कारण असं की, इंजिन कुठेही थांबलं तरी चारातल्या एखाद्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह बहुधा थोडाफार उघडा असतो. नट त्या तोंडातून आत गेला असेल आणि मी किल्ली फिरवली, तर पिस्टन वर येणार आणि नट मधे सापडणार. व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनला भोक पडतं, हेडला घाव बसतो. दोन हजारांचं काम, आणि गॅरेजवाल्यांनी सांगितलेले पस्तीस हजारही पुरणार नाहीत.

मनात चोर विचार आला, खोटं कशाला बोलू. "खालीच पडला असेल. दहा रुपयांचा नट. दुसरा लाव आणि हो पुढे." ऑफिसात टेस्ट फेल झाली की आपण म्हणतो ना, परत रन कर, होईल पास. अगदी तोच आवाज.

टॉर्च आणि चुंबकाची काठी घेऊन चारही तोंडं बघितली. काही नाही. पण तोंडात दिसला नाही म्हणजे आत नाही असं होत नाही, व्हॉल्व्हच्या पलीकडेही असू शकतो. प्लग काढून, तिथून फोनला जोडायचा छोटा कॅमेरा सोडून बघायचं ठरवलं. तो कॅमेरा मागवावा लागणार होता.

बाबा इतका वेळ खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "तुझ्याकडे तसलेच आणखी दोन नट आहेत ना?"

"आहेत."

"मग सोड की एक, तिथूनच. बघू कुठं जातो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चारही तोंडांवर कापडावरून टेप लावली. मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा. बाबांनी जिथून मॅनिफोल्ड निघाला, साधारण त्याच उंचीवरून नट सोडला. पहिला सरळ जमिनीवर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो एका ब्रॅकेटवर आपटला, "टिंग" झालं, अगदी सकाळचाच आवाज, आणि जमिनीवर आलाच नाही. इंजिनाखालच्या प्लास्टिक कव्हरच्या घडीत गेला. तिथे हात घातला तर सुकलेल्या चिखलात एक नाही, दोन नट.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त ट्रेजवळ जाऊन सात नंबरच्या खळग्यात तीन नट टाकले आणि कागदावर बरोबरची खूण केली. शाळेत वही तपासायचे तशी.

मंडळी, नट सापडला नसता तर काय? तर किल्ली नाही. प्लग काढून कॅमेऱ्याने चारही सिलिंडर बघायचे, गरज पडली तर मेकॅनिक बोलवायचा, पण इंजिन एक इंचही फिरवायचं नाही. "बहुतेक खाली पडला असेल" यावर इंजिन सुरू करायचं नसतं.

[२४:००] साफसफाई आणि तपासणी

जुनं गॅस्केट काढलं. पहिल्या तीन तोंडांचं रबर चपटं झालेलं. चौथ्याचं तर एका कोपऱ्यात चिरलेलं, नखाने तुकडा निघाला. एवढ्याशा तुकड्याने बाबांना रिक्षात बसवलं होतं.

हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर नको, पॉलिश पेपर नको. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा म्हणजे नवी फट. मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून फिलर गेजने सपाटपणा बघा. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं. प्लास्टिक वाकलेलं असेल तर नवं गॅस्केटही टिकत नाही.

मॅनिफोल्डच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, पीसीव्हीमधून थोडं तेल येतंच. तेलाची डबकी असतील तर मात्र पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. थ्रॉटल क्लीनरने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या.

[२६:१५] परत बसवणं

कापडं काढताना मोजा. चार घातली, चार निघाली.

रबरी गॅस्केट कोरडंच बसवायचं, सिलिकॉन सीलंट लावायचं नाही. जास्तीचं सीलंट आत सुटून येतं आणि रबर नीट बसत नाही. गॅस्केट खाचेत सगळीकडे बसलंय ना, बोट फिरवून बघा.

सगळे बोल्ट आणि नट आधी हाताने लावा, दोन-तीन फेरे. हाताने जात नसेल तर आटे जुळलेले नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले तर नवंच काम निघतं.

घट्ट करताना उलटा क्रम: आतून बाहेर, दोन टप्प्यांत. पहिल्यांदा साधारण निम्मा टॉर्क, मग पूर्ण. ८ एमएमचे बोल्ट अशा ठिकाणी साधारण २० ते २५ न्यूटन मीटर घेतात, ६ एमएमचे १० च्या आसपास. पण हा फक्त अंदाज, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. "आणखी थोडं घट्ट" ही आपल्याकडची जुनी सवय प्लास्टिकला मानवत नाही. खालचा आधारही विसरू नका.

इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या, वर इंजिन ऑइलचा एक थेंब. रेल दोन्ही बाजूंनी सारखी दाबत बसवा. इंजेक्टर हाताने थोडा फिरतोय ना बघा. अडकला असेल तर ओ-रिंग मुडपली आहे.

मग पाइप आणि कनेक्टर. एक बसला की त्याची टेप काढून कागदावर चिकटवायची. शेवटी कागदावर जितक्या टेपा लावल्या होत्या तितक्या हव्यात. माझी एक कमी आली. पर्जचा पाइप मागे लोंबत होता. म्हणून सांगतो, हिशेब.

[२९:०५] किल्ली

बॅटरी जोडा, पंपाचा फ्यूज लावा. लगेच सुरू करू नका. किल्ली फक्त ऑन करा, दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज येईल, ऑफ करा. असं तीन-चारदा. मग टॉर्च घेऊन चारही इंजेक्टर आणि रेलच्या सांध्यावर कोरडं कापड फिरवा, वास घ्या. ओल दिसली किंवा वास आला तर तिथेच थांबा.

आमचं कोरडं होतं. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही मारा."

पहिल्या झटक्यात सुरू झालं. सुरुवातीला आरपीएम थोडा वर गेला, बॅटरी काढलेली असल्यामुळे ईसीयूला आयडल परत शिकावं लागतं, आणि मग ७५० वर येऊन बसला. एमएपी ३३. चौथ्या सांध्यावर पाणी मारलं, काहीच फरक नाही. आवाज इतका शांत की आई आतून बाहेर आली, "बंद पडली का?"

गाडी हलवण्याआधी ब्रेक तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरचा पाइप नीट नाही, गाडी बाहेर काढायची नाही. कूलंटची पातळी बघा, लागलं तर भरा. दोन-तीन दिवस गार इंजिनावर परत बघत राहा.

[३१:४०] हे कुणी करू नये

डिझेल कॉमन रेल असेल तर रेलला हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, त्या धारेने कातडी फाटते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी इंजिनं, तिथेही तेच. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर. आणि मॅनिफोल्ड काचेखालच्या कोनाड्यात मागे दडलेला असेल, तर पहिलं काम म्हणून तो निवडू नका.

मला विचाराल तर यातली कुठलीच पायरी अवघड नाही. बोल्ट सैल करणं आणि घट्ट करणं, बस. अवघड आहे ते काय काढलं, किती काढलं, कुठे ठेवलं याचा हिशेब राखणं, आणि हिशेब लागत नसताना किल्लीपासून हात लांब ठेवणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत पोर्च रिकामं होतं. बाबा गार इंजिनावरच गाडी घेऊन गेले होते. तासाभराने आले, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मी विचारलं, "कुठून गेलात?"

"पोवई नाक्यावरून," म्हणाले. "सिग्नलला मुद्दाम थांबलो."

चला, आज इथेच थांबू. तुमच्या गाडीला काही शंका असेल तर आधी पाण्याची बाटली आणि मगच गोटी, एवढं लक्षात असू द्या. भेटू पुढच्या भागात.